गाइडला खुलं पत्र

गाइडसाहेब,

परीक्षेच्या आदल्या रात्री घराघरात शेवटचा शब्द तुमचाच असतो, म्हणून हे पत्र बालभारतीला न लिहिता तुम्हालाच लिहिते आहे.

तुमचा हिशेब चोख. अफजलखानाचा वध कधी झाला? १० नोव्हेंबर १६५९. एक गुण. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय? दोन गुण. पहिला प्रश्न इतिहासाचा, दुसरा भूगोलाचा. या दोहोंची मुलांच्या डोक्यात कधी गाठच पडू नये, एवढं मात्र तुम्ही पक्कं करून ठेवलं आहे.

ती गाठ एकट्या सातारा जिल्ह्यातही दिसते. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर, त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम ५०० च्या आसपास. सह्याद्री ढग अडवतो, म्हणून पश्चिमेला जावळीचं घनदाट रान वाढलं. खानाची फौज वाईच्या मोकळ्या मुलखात भारी पडली असती. जावळीच्या अरुंद वाटांवर तिचे हत्ती, घोडे आणि तोफा निकामी ठरणार होत्या. शिवाजी महाराजांनी खानाला प्रतापगडाच्या पायथ्याशी आणलं ते हे ओळखून. याच डोंगरामुळे माणदेश कोरडा राहिला आणि तिथली माणसं मेंढरं राखत, दुष्काळाशी झुंजत, पोटासाठी मुंबई गाठत आली. पाऊस, रान, लढाई आणि स्थलांतर ही एकच गोष्ट आहे. तुम्ही तिचे तुकडे करून 'जोड्या लावा'मध्ये टाकलेत.

बालभारतीने तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं काढलं, ते मुलाने आधी आपला डोंगर, आपली नदी ओळखावी म्हणून. तुम्ही त्याचीही 'अपेक्षित उत्तरं' छापलीत. आपल्या गावच्या ओढ्याचं नाव मुलाने ओढ्यावर जाऊन, आजीला विचारून शोधायचं असतं. ते छापील मिळालं की मूल घराबाहेर पडत नाही. माझा राग या चोरीवर आहे.

तुम्ही सुधाराल अशी आशा नाही; तुमचा धंदाच घाईवर चालतो. म्हणून शेवटचं मागणं शिक्षकांकडे आणि पालकांकडे. जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावा. जवळच्या गडावर, घाटात, धरणावर मुलांना न्या. 'कुठे' आणि 'का' हे आधी विचारा. सनावळी त्यामागून आपोआप लक्षात राहते.

आपली,
एक पालक