भांड्यांवरची नावं

चामराजपेटेतल्या आमच्या घरात भांड्यांवर दोन लिप्यांत नावं आहेत. आईच्या माहेरून आलेल्या पितळी डब्यांवर देवनागरी, इथं घेतलेल्या स्टीलवर कन्नड. नाव घातल्याशिवाय भांडं उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा आईचा दंडक. सत्यनारायणाला दिलेलं पातेलं कुठल्या क्रॉसवरून कुठल्या मेनला जाऊन बसेल, नेम नाही.

पुतणी पीयूसीला आहे. परवा ती केमिस्ट्रीची उजळणी मोठ्यानं करत होती. बन्सेन बर्नर, लीबिग कंडेन्सर, एर्लेनमायर फ्लास्क, किपचं उपकरण. आई शेंगा सोलत ऐकत होती. म्हणाली, "सगळ्यांवर नावं घातलेली दिसतात. पण भांडी ह्यांचीच कशावरून?"

आईनं वर्मावर बोट ठेवलं. हायडलबर्गच्या नव्या प्रयोगशाळेसाठी 1855 च्या सुमारास बन्सेननं हवा आणि गॅस आधीच मिसळून जाळायची कल्पना मांडली खरी, पण बर्नर प्रत्यक्ष घडवला तो तिथल्या पेटर डेसागा नावाच्या कारागिरानं. आता डेसागा कुणाला ठाऊक? लीबिगचं तर विचारूच नका. बाहेरून पाणी खेळवून आतली वाफ थंड करणारी नळी त्याच्या जन्माआधीपासून होती. त्यानं ती वापरली, गाजवली आणि ती त्याचीच झाली. शेजाऱ्याचा झारा वर्षभर आपल्याकडे राहिला की आपला होतो, तसंच हे. एर्लेनमायर व्यवहारी. 1860 मध्ये शंकूच्या आकाराच्या फ्लास्कबद्दल लिहिलं, तोवर काचवाल्यांना सांगून तो विक्रीलाही आणला होता. किप मात्र खरा धनी. डेल्फ्टमधला हा औषधविक्या उपकरणंही विकायचा. स्वतःच्या मालावर नाव घालायला दुकानदार कशाला विसरेल?

मला वाईट वाटतं ते मोहरचं. पुतणीच्या प्रॅक्टिकलला मोहर्स सॉल्ट असतं. फिकट हिरवं द्रावण खाली फ्लास्कमध्ये, जांभळं परमँगनेट वर ब्युरेटमध्ये. इतर द्रावणांत वाकलेल्या पृष्ठभागाची खालची कड वाचायची, पण परमँगनेट इतकं गडद की खालची दिसतच नाही, म्हणून वरची वाचतात. वरून पडलेला थेंब क्षणभर रंगतो आणि विरतो. मग एका थेंबाला खालच्या पांढऱ्या टाइलवर हलकी गुलाबी झाक उमटते आणि हलवलं तरी जात नाही. तिथंच थांबायचं. त्यापुढचा एक थेंब म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. थेंब असा मुठीत ठेवता यावा म्हणून ब्युरेटच्या तोंडाशी रबरी नळी आणि चिमटा बसवला तो मोहरनंच. पण पोरं ब्युरेटला नुसतंच ब्युरेट म्हणतात आणि मोहरचं नाव घेतात ते मिठासाठी.

आमच्या बंगळूरलाही असा एक होऊन गेला. जुने लोक ज्याला टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात त्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स. 1898 मध्ये रॅम्झींबरोबर त्यांनी क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन शोधले. काच फुंकण्यात माणूस एवढा तरबेज, पण पोरांच्या यादीत त्यांच्या नावाची साधी नळीही नाही.

हे सगळं मी आईला सांगितलं, तर तिला त्यात नवल वाटलं नाही. 1892 ची ही आमची पेठ चामराजेंद्र वडेयरांच्या नावाची. दोरी धरून रस्ते आखणाऱ्यांच्या वाट्याला काय आलं? रस्त्यांना तर नुसते आकडे, पहिला मेन, दुसरा मेन.

"तुझं नाव आहे का गं कशावर?" आईनं नातीला विचारलं.

"आहे की आजी," ती वहीतून मान वर न काढता म्हणाली. "गेल्या आठवड्यात पिपेट फुटलं. अटेंडरनी ब्रेकेज रजिस्टरमध्ये इनिशियलसकट लिहून घेतलंय. काका, दंड सोमवारी भरायचाय."