नानांचा मोबाईल

आमच्या सोसायटीतल्या नानांच्या मोबाईलचा मूळ रंग दुकानदाराखेरीज कुणी पाहिलेला नाही. खोक्यातून बाहेर आल्या आल्या त्यावर टेम्पर्ड ग्लास चढली, मग जाड रबरी कव्हर, त्यावर चेनची पाकीटवजा पिशवी आणि पावसाळ्यात धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी. फोन वाजला की नाना एकेक आवरण उतरवायला घेतात. शेवटच्या आवरणापर्यंत पोचेतो समोरचा कंटाळून फोन ठेवतो. ‘‘चला, तेवढीच बॅटरी वाचली,’’ नाना खूश!

बॅटरी पार शून्यावर आणायची, फोनने मान टाकली की मगच चार्जरला लावायचा, हा नानांचा नेम. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. आताच्या लिथियम-आयन बॅटरीला असले कडकडीत उपास सोसत नाहीत, २० ते ८० टक्क्यांत ती सुखी असते, हे नातीने सांगून पाहिलं. ‘‘ऐंशीवर काढू? भरल्या पानावरून उठवू तिला?’’

मागच्या पावसाळ्यात फोन बेसिनमध्ये पडला. नानांनी तो थेट तांदळाच्या डब्यात पुरला.

‘‘अहो, रेशनच्या तांदळात ठेवा, तो आंबेमोहोर आहे!’’ नानी कळवळल्या.

‘‘फोन अठरा हजारांचा आहे,’’ नाना म्हणाले.

तांदळाचे कण आत शिरून बिघाड करू शकतात, म्हणून हा उपाय करू नका, असं २०२४ मध्ये खुद्द ॲपलनेच आयफोनवाल्यांना बजावलं. नानांच्या चार्जिंगच्या छिद्रातून दुरुस्तीवाल्याने टाचणीने एक कणी काढली. नानींनी ती लगेच ओळखली.

बाहेरून एवढा बंदोबस्त. आत मात्र सगळा मोकळा कारभार. स्क्रीन लॉकचा आकडा आणि यूपीआय पिन दोन्ही एका चिठ्ठीवर, चिठ्ठी कव्हरच्या आत. ‘‘ऐनवेळी आठवला नाही म्हणजे?’’ ओटीपी आला की नाना तो खड्या आवाजात वाचतात. नानींना स्वयंपाकघरात ऐकू जावा म्हणून. वरच्या मजल्यावर लिहूनही घेता येईल.

अशा नानांना परवा ‘पोलिसां’चा व्हिडिओ कॉल आला. खाकी वर्दी, मागे भिंतीवर अशोकस्तंभ. ‘‘तुमच्या आधारवर पाठवलेलं पार्सल पकडलंय. तुम्हाला डिजिटल अटक झालीय. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही!’’ असली अटक आपल्या कुठल्याच कायद्यात नाही, पण नानांना हे कोण सांगणार? पाऊण तास ते घाम पुसत बसून राहिले. मग हात सहज फोनच्या पाठीला लागला आणि नाना दचकले.

‘‘साहेब, फोन तापलाय. उष्णतेने बॅटरी खराब होते. अर्ध्या तासाने करा.’’

साहेब ओरडत राहिले. नानांनी फोन बंद केला, सगळी वस्त्रं उतरवली आणि त्याला टेबलफॅनसमोर पालथा निजवला.

तेवढ्यात नात आली. ऐकून हादरलीच. ‘‘आजोबा, आधी १९३० ला फोन लावा! सायबर फसवणुकीची तक्रार तिथे करतात.’’

नानांनी फोनची पाठ पुन्हा चाचपली आणि शेजाऱ्यांच्या दाराकडे निघाले. ‘‘त्यांच्या मोबाईलवरून करतो. हा अजून कोमट आहे.’’