कोळसा की मध्यरात्र?

पांढऱ्या-बदामी रंगांत भांडायला वाव कमी, म्हणून आम्ही यंदा दिवाळीच्या आधी हॉलच्या एका भिंतीला गर्द रंग द्यायचं ठरवलं. उमेदवार दोन: कोळशासारखा राखाडी आणि मध्यरात्रीसारखा निळा. मी कोळशाच्या बाजूचा, ही मध्यरात्रीच्या. आईंचं मत वेगळं. "संक्रांतीला चंद्रकळा आपण नेसायची असते, भिंतीला नाही नेसवायची." ज्येष्ठांचं मत आदराने ऐकावं आणि पुढच्या कृतीला लागावं.

शेडकार्डावर निर्णय घेऊ नये. तिथला चौकोन पोस्टाच्या तिकिटाएवढा, भोवती पांढरा कागद. पांढऱ्याच्या शेजारी गर्द रंग आहे त्याहून काळा दिसतो. काही कंपन्या रंगाबरोबर तो किती उजेड परत फेकतो याचा आकडा देतात: शुद्ध काळा 0, शुद्ध पांढरा 100. आमच्या उमेदवारांचे आकडे 6 आणि 7. एका आकड्यावरून कुणी संसार पणाला लावत नाही, असं म्हणणाऱ्यांनी संसार केलेला नसतो.

तेव्हा नमुन्याच्या छोट्या डब्या आणाव्यात. मोठ्या कार्डशीटवर दोन-दोन हात मारून पूर्ण वाळू द्यावेत. ओला असताना इमल्शन फिकट दिसतं, वाळलं की गडद होतं, त्यामुळे ओल्या कागदासमोर काढलेले "बघ, मी म्हणत नव्हतो?" हे उद्गार बाद धरावेत.

आता शीट भिंतीला टेकवून उजेड बदलत बघायचं. खरी लढाई इथे. 2700 केल्विनचा पिवळा दिवा लावला की निळ्यातला निळेपणा मरतो आणि मध्यरात्र चक्क कोळसा होते. 6500 केल्विनची पांढरी ट्यूब लावली की ती पुन्हा निळी होऊन उठते. हे कळल्यापासून मी हॉलमध्ये आलो की पिवळा दिवा लावायचो, ही आली की ट्यूब. तीन दिवसांत भांडण भिंतीवरून स्विचबोर्डावर आलं. पाहुण्यांना वाटलं, वायरिंगमध्ये दोष आहे.

मधल्या काळात व्यावहारिक मुद्देही तपासावेत. गर्द मॅट भिंतीवर सोफ्याची पाठ घासली की चकचकीत पट्टा उमटतो. मारलेला डास दिसत नाही, हा फायदा. जिवंतही दिसत नाही.

एक सूचना खरं तर सुरुवातीलाच द्यायला हवी होती: शीटच्या मागे नाव लिहून ठेवा. चौथ्या दिवशी संध्याकाळी वाऱ्याने दोन्ही शीट खाली पडल्या आणि त्याच क्षणी वीज गेली. टॉर्च लावून आपापला रंग वाचवायला आम्ही दोघंही धावलो. हिने "ही माझी" म्हणून एक शीट ओढली.

तिचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

दारात पेंटर उभे होते. "साहेब, दुकानदाराला कुठला सांगू? एकदा टिंट मारला की तो डबा परत घेत नाही."