पौंडकाका

अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी मंडळात जा, एक पौंडकाका सापडतातच. आमचे न्यू जर्सीत असतात. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार जवळ आला की त्यांना माणसं दिसेनाशी होतात, नुसती वजनं दिसतात.

थँक्सगिव्हिंगची टर्की किती वेळ भाजायची, हे शहाणा माणूस वेष्टनावर वाचतो. ओव्हन ३२५ फॅरनहाइटला, पौंडामागे साधारण पंधरा मिनिटं, विषय संपला. काकांचा तिथे सुरू होतो. "वजन दुप्पट झालं म्हणून पक्षी दुप्पट जाड होतो का?" आपण नाही म्हणायच्या आत पानोफ्स्की हजर! स्टॅनफर्डच्या प्रवेगक केंद्राचे हे पहिले संचालक. या थोर भौतिकशास्त्रज्ञाने टर्कीचंही सूत्र मांडून ठेवलंय : पौंडातल्या वजनाचा दोन-तृतीयांश घात, भागिले दीड; उत्तर तासांत. हे आम्हाला दर वर्षी, रिकामी ताटं हातात धरून, नव्याने ऐकावं लागतं.

सोळा पौंडी गोठलेला पक्षी फ्रिजमध्ये सुटायला चार दिवस घेतो. म्हणून तो शनिवारीच घरात येतो आणि काकूंचं इडलीचं पीठ गराजमध्ये जातं. गुरुवारी दारात पाऊल टाकलं की "या, बसा" नाही, हातातल्या पातेल्याकडे बघून पहिला प्रश्न, "वजन किती?" भोपळ्याचा पाय आणला, वजन किती? एका जोडप्याने पहिल्यांदाच तान्हं बाळ आणलं. "वजन किती?" सगळ्यांनाच बरं वाटलं, निदान इथे तरी प्रश्न जागेवर पडला. "आठ पौंड," आई कौतुकाने म्हणाली. काकांचे ओठ हलले. "दोन तास चाळीस मिनिटं."

त्या जोडप्याने पुढच्या वर्षी परस्पर फ्लोरिडा गाठलं.

पक्ष्याच्या छातीत शिजलं की वर उडी मारणारं प्लॅस्टिकचं बटण असतं. काका ते आधीच उपटून फेकतात. मग मांडीच्या आत, पंखाच्या आत आणि छातीच्या जाड भागात थर्मामीटर खुपसायचा. तिन्हीकडे १६५ दिसल्याशिवाय सुटका नाही. दर दहा मिनिटांनी ओव्हनचं दार उघडतं. "सारखी अशी वाफ घालवलीत, तर तुमचे पानोफ्स्की तरी काय करणार?" हे काकूंचं. पक्षी बाहेर आला तरी वीस मिनिटं त्याला हात लावायचा नाही. तोवर पोरं चिप्सवर जगतात.

आणि काका स्वतः? माळकरी. अंड्याचा केकही खात नाहीत.

हे खूळ आलं कुठून, ते काकूंनी एकदा भांडी विसळताना सांगितलं. लेक तिसरीत असताना बाईंनी विचारलं, थँक्सगिव्हिंगला काय जेवलात? ही म्हणाली, वरण-भात. वर्ग हसला. पुढच्या नोव्हेंबरात या माणसाने हातमोजा चढवला, डोळे मिटले आणि पक्ष्याच्या पोटात हात घालून काळीज-पेटा भरलेली कागदी पिशवी बाहेर काढली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पण गणिताच्या आडोशाला उभं राहिलं की पक्षी पक्षी वाटत नाही, एवढा शोध त्यांना लागला.

वहीत सगळी वजनं लिहिलेली आहेत. बावीस, वीस, सोळा. लेक लग्न होऊन सिॲटलला गेली, तेव्हापासून दहा. तिच्या घरच्या पक्ष्यालाही वेष्टन असतंच, तरी गुरुवारी सकाळी तिचा फोन येतो : "बाबा, किती वेळ?" काका फोन स्पीकरवर टाकतात, गळा साफ करतात आणि विचारतात, "वजन किती?"

यंदा पुन्हा बावीस पौंडी आणलाय. पाच तास चौदा मिनिटं. सुट्टीत घरी जाणं न परवडणारी विद्यापीठातली मराठी पोरं जेवायला बोलावली आहेत. त्यातली निम्मी शाकाहारी आहेत, हे काकूंना ठाऊक आहे. त्यांनी गुपचूप मोठ्या कुकरला वरण-भात लावलाय, त्याला कुणी वजन विचारलेलं नाही.