आशाताई आली की कड्या लागतात

“काकू, कळलं का? कॅन्सर तपासणीच्या कॅम्पला बोलवायला आलेल्या आशाताईला कोपऱ्यावरच्या वहिनींनी दारातूनच वाटेला लावलं. म्हणे, मला काही होत नाही, मी कशाला तपासून घेऊ?”

काकू कुंपणावर गोधडी वाळत घालत होत्या. नोकरीभर नर्सबाई म्हणून धाराशिव जिल्ह्यातली उपकेंद्रं पालथी घातलेल्या, त्यामुळे विषय हातात आयताच पडला.

“काही होत नाही तेव्हाच यायचं असतं गं. दुखायला लागल्यावर काय, कुणीही येतं.”

“लाज वाटते हो बायकांना.”

“दोन-दोन बाळंतपणं सरकारी दवाखान्यात झाली, तेव्हा नाही वाटली? लाज तोंडी लावायला असते. खरी भीती. काही निघालं तर घरात काय सांगू, पोरीचं लग्न जमेल का!”

“त्यांच्या सासूबाई तर म्हणतात, आमच्या घराण्यात असलं काही नाही.”

“पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर विषाणूनं होतो. एचपीव्ही म्हणतात त्याला. तो कुठं कुळ विचारतोय?”

“पण करतात तरी काय तिथं?”

“पडद्याआड झोपायचं. सिस्टर सिरक्यासारखं पातळ औषध कापसानं आत लावते आणि मिनिटभर थांबून बघते. पांढरा डाग उठला तर पुढं पाठवते.”

“अगंबाई! म्हणजे झालाच की!”

“नाही गं. पुष्कळदा साधी सूजच असते. छातीची गाठ तर हातानंच बघतात.”

पुढं पाठवते, हे काकू पटकन बोलून गेल्या, पण अडतं तिथंच. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला जायचं तर एसटीचं तिकीट बायकांना अर्धं झालंय. रोजगार मात्र पुरा बुडतो. शिवाय सोबत कोण येणार आणि मागं भाकऱ्या कोण थापणार?

काकूंचा खरा राग वेगळाच होता. “1999 ला आपल्याच जिल्ह्यात मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या आणि बार्शीच्या डॉक्टरांनी 30 ते 59 वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायकांचा अभ्यास सुरू केला. एका गटाची एकदाच, फक्त एकदा, एचपीव्हीची तपासणी केली. आठ वर्षांत त्या गटातले या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न झालेल्यांच्या मानानं, जवळजवळ निम्मे. 2009 ला छापून आलं, साऱ्या जगानं वाचलं. आणि आपल्या गल्लीत पत्ता नाही!”

“आता तरी करत असतील की बायका.”

“कुठल्या? 2019-21 ची सरकारी पाहणी बघ. देशात 30 ते 49 वयाच्या शंभरजणींत दोघींचीसुद्धा पिशवीच्या तोंडाची तपासणी कधी झाली नव्हती. छातीची तर धड एकीचीही नाही.” काकूंनी गोधडीचं टोक झटकलं. “तू केलीस का?”

“माझी भाजी लागेल बघा खाली…”

“गॅस बंद करून आलीयस, मी बघितलंय. बुधवारी चल माझ्याबरोबर.”

“बुधवारी पाळी असेल हो.”

“मग पुढच्या आठवड्यात. कॅम्प संपला तर सरकारी दवाखान्यात जाऊ. सिस्टर माझ्याच हाताखाली शिकलीय.”

“आणि कोपऱ्यावरच्या वहिनी?”

“तिला काही बोलू नकोस. संध्याकाळी भजनाला सासूबाई भेटतील, आधी त्यांचीच छाती तपासायला नेते. पन्नाशीपुढच्यांना तर जास्तच गरज. सासू गेली की सून मागं राहते होय?”