बसल्या जागी परदेश

परदेशातल्या शाळेत मूल घालायचं म्हणजे घरात केवढी धांदल उडते. पासपोर्ट, लसींचे दाखले, गरम कपडे, आणि बॅगेचं वजन झाल्यावर आजीनं हळूच आत सरकवलेली शेंगांची चटणी. नांदेडच्या इतवाऱ्यातल्या मुसलमान लेकरांना 1948 साली यातलं काहीच करावं लागलं नाही. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, 17 तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली, आणि पहिल्या जमातीतलं पोरगं सतरंजीवरून न उठता एका मुलखातून दुसऱ्या मुलखात पोचलं.

भारत हा काय परदेश झाला का, असं कुणी रागावून विचारेल. रागवायला हरकत नाही, पण जरा सहा वर्षांच्या उंचीवरून बघावं. त्या वयात देश म्हणजे सुट्टी कधी, खाऊला पैसे कुठले चालतात आणि गुरुजी कुठल्या भाषेत ओरडतात, एवढंच. आणि नेमकं तेवढंच बदललं.

निजामी अमदानीत प्राथमिक शाळा म्हणजे मदरसा तहतानिया, मधली वस्तानिया, हायस्कूल फौकानिया. इयत्ता म्हणजे जमात, मास्तर म्हणजे मुदर्रिस. तपासणीला यायचे ते मोहतमिम तालिमात. अशा नावाचा साहेब येणार म्हटल्यावर निम्म्या वर्गाला तहान आणि उरलेल्या वर्गाला लघवी लागत असणार. तोच साहेब पुढं ‘शिक्षणाधिकारी’ होऊन आला. भीती तेवढीच, फक्त संस्कृतमधली.

मग सुट्टी. संस्थानात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे. अंघोळ, जुम्म्याची नमाज, दुपारचं बरं जेवण, सगळं कसं एका ओळीत लागलेलं. नव्या राजवटीत सुट्टी रविवारी गेली. मोठ्या माणसांनी यावर काय चर्चा करायची ती केली असेल. पोरासाठी मात्र मधला एक आठवडा फार वाईट गेला असणार, कारण सवयीनं शुक्रवारी उठायचं नव्हतं आणि उठावं लागलं.

तारीखवारही बदलले. दफ्तरी पंचांग होतं फसली. 1948चा सप्टेंबर म्हणजे फसली 1357चा आबान. शाळेच्या दाखल्यावर जन्म ‘खुरदाद 1352’ असा असलेल्या पोराला पुढं नोकरीच्या अर्जात इंग्रजी तारीख लिहायची वेळ आली की घरात गणिताचा तास सुरू होई. मराठवाड्यात निवृत्त झालेल्या माणसांच्या जन्मतारखा बघा. 1 जूनला जन्मलेली माणसं इतकी भेटतील की त्या दिवशी दवाखान्यात उभं राहायला जागा नव्हती की काय, असं वाटावं. ही सगळी गुरुजींच्या हातची बाळंतपणं. त्यात मात्र हिंदू-मुसलमान असा भेद नव्हता.

आणि पैसा. हाली सिक्का हा निजामाचा रुपया, कलदार हा इंग्रज सरकारचा. सात हाली म्हणजे सहा कलदार. संस्थान गेल्यावरही हाली लगेच गेला नाही, काही वर्षं दोन्ही रुपये बाजारात फिरत राहिले. लातूरच्या गंजगोलाईत बापाबरोबर गेलेल्या पोराचं त्रैराशिक तिथंच पक्कं होत असेल. ते पक्कं होतंय तोवर 1957 साली एप्रिलच्या पहिल्या तारखेला नवे पैसे आले आणि पाठ केलेले आणे-पै पाण्यात गेले. दरम्यान 1956 साली तोच पोरगा मुंबई राज्यात जाऊन बसला, 1960 साली महाराष्ट्रात. पत्ता मात्र तोच, मशिदीमागची गल्ली.

हे हसत लिहिता येतं, कारण वर्गात परत आलेल्या लेकरांबद्दल लिहितो आहे. सगळी आली नाहीत. आधी रझाकारांनी हिंदू गावं जाळली होती; फौजा आल्यानंतर सूड निघाला तो मुसलमान वस्त्यांवर. याची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं सर्वाधिक झळ बसलेले म्हणून चार जिल्हे नोंदवले, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. तो अहवाल कित्येक दशकं कपाटातच राहिला.

तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सतरंजीवर शेजारी बसलेला मराठी पोरगा हा परदेश आधीच भोगून बसला होता. घरी मायशी मराठीत भांडायचं आणि हायस्कुलात गेलं की इतिहास, भूगोल, बीजगणित सगळं उर्दूतून. हैदराबादला 1918 साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं तेव्हा तिथं शिकवण्याची भाषा उर्दू होती, पुढं डॉक्टरकीसुद्धा उर्दूतच. म्हणजे नांदेडच्या देशपांड्यांच्या पोराला डॉक्टर व्हायचं तर अलिफ-बेवाचून सुटका नव्हती. 1948 साली एवढंच झालं की दोघांच्या जागांची अदलाबदल झाली. एकाचा परदेश संपला, दुसऱ्याचा सुरू झाला. शाळा बिचारी एकच.

दुसऱ्याला त्यात सवलत होती हे मान्य केलं पाहिजे. घरची दखनी मराठीला इतकी सोकावलेली की ‘नक्को’ आणि ‘मैंच’ म्हणणारं लेकरू वर्गात फार परकं वाटत नसे. बाजारातली मराठी तर त्याला येतच होती. अडलं ते व्याकरणाच्या तासाला. उर्दूत जगातल्या सगळ्या वस्तू दोन लिंगांत मावतात. इथं तिसरंही निघालं! घरी किताब बाई होती, शाळेत पुस्तक धड बाईही नाही, बुवाही नाही. तो कुत्रा, ती कुत्री, आणि लहान असेल तर ते पिल्लू. पोरानं ‘माझा पुस्तक हरवला’ म्हणावं आणि वर्गानं हसावं. हसणाऱ्यांचे बाप काही वर्षांपूर्वी उर्दूच्या तासाला ‘मेरा किताब’ म्हणून छड्या खात होते, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

पुढं नांदेड-लातूरची माणसं खरोखरच्या परदेशात गेली. जेद्दा, रियाध, दुबई. तिथल्या भारतीय शाळांत लेकरं घातली. या वेळी पासपोर्ट होता, चटणीही होती. आणि गंमत बघा, 2022च्या जानेवारीपासून अमिरातीनं आठवड्याची सुट्टी बदलली. शनिवार-रविवार पूर्ण, शुक्रवारी अर्धा दिवस शाळा. दुबईतल्या एखाद्या नांदेडच्या पोरानं त्या शुक्रवारी दप्तर उचलताना तोंड वाकडं केलं असेल, तर पणजोबांनंतर घराण्यात तो दुसराच.

इकडं राहिलेली काही लेकरं उर्दू शाळेत जातात. त्यांच्या दप्तराकडं एकदा बघावं. बालभारतीचं उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, मराठीचं डावीकडून. गणिताची वही तर कसरतच. प्रश्न उजवीकडून डावीकडं येतो, मधेच आकडा डावीकडून उजवीकडं धावतो, दोघांची टक्कर न होऊ देता उत्तर काढायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतली दुसरीतली पोरगी हे रोज करते आणि कुणी तिचं कौतुक करत नाही.

‘आता उर्दू शिकून काय दिवे लावणार?’ हे वाक्य मात्र तिच्या घराण्यात कधीच जुनं झालं नाही. पाव्हणे म्हणतात, शेजारी म्हणतात, घरातलेही म्हणतात. मग 2023 साल उगवलं. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि मराठवाड्याच्या तहसिलांतली निजामकालीन दप्तरं धूळ झटकून बाहेर निघाली. बघतात तो काही मोडीत, काही उर्दूत. मोडीवाले शोधणं सुरू झालं, उर्दूवाले शोधणं सुरू झालं. लातूर पॅटर्ननं डॉक्टर-इंजिनिअर ढिगानं घडवले होते; इथं त्यांचा काही उपयोग नव्हता. पणजोबा कुणबी होते की नाही हे पाटलांच्या पोराला सांगायला उर्दू शाळेतून निवृत्त झालेला मास्तर लागत होता. तो चष्मा वर करून एकेक ओळ लावतोय, आणि समोर फाईल छातीशी धरून उभं असलेलं पोरगं अजिजीनं म्हणतंय, “चाचा, घाई करू नका. कुठंतरी असंलच बघा.”