पाठ कोणाची, कोरडा कोणाचा

पोतराज हा माणूस मला फार प्रामाणिक वाटतो. गावात साथ आली की तो कोरडा उचलतो आणि स्वतःच्याच पाठीवर ओढतो. मरीआईचं जे काही देणं थकलं असेल ते माझ्या कातड्यातून वळतं करून घ्या, असा त्याचा रोखठोक हिशोब. बायको डोक्यावर देवीचा देव्हारा घेऊन ढोलकं घुमवते, लोक सुपात काही टाकतात किंवा टाकत नाहीत, पण मार तो स्वतः खातो. सांगलीच्या मारुती चौकात हल्ली तो क्वचितच दिसतो. साथी मात्र कुठं गेलेल्या नाहीत. डेंग्यू आहे, चिकुनगुन्या आहे, कृष्णामाईचं पाणी ओसरलं की लेप्टोची धास्ती आहे. तेव्हा कोरडा बंद पडला असेल अशा भ्रमात राहू नका. त्यानं फक्त पाठ बदलली आहे.

मी कॅथलिक. सांगली-मिरजेत हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हंजे मिशन हॉस्पिटलवाले का?" आता डॉ. विल्यम वॉन्लेस हे कॅनडातून आलेले प्रेस्बिटेरियन. त्यांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ काढलं, पुढं ‘सर’ झाले, क्षयाच्या रोग्यांमुळे वानलेसवाडीला त्यांचं नाव मिळालं. त्यांच्या पंथाचं आणि आमच्या पंथाचं चार शतकांचं वाकडं आहे. पण हे मिरजेत कुणाला समजावणार? इथं धर्म दोनच, पेशंट आणि पेशंटचे नातेवाईक. दोघांचं दैवतही एकच, सलाईन. डॉक्टरनं नुसती गोळी दिली तर तो शिकाऊ, सुई टोचली तर बरा, आणि बाटली लावली तर देवमाणूस. बाटलीत मिठाचं पाणी असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या चर्चच्या दाराशी ठेवलेल्या पवित्र जलातही पूर्वापार चिमूटभर मीठ टाकायची रीत आहे, पण त्याचं बिल येत नसल्यामुळे त्यावर कुणाचा तितका विश्वास बसत नाही.

आमचे एक काका मिरज जंक्शनावर रेल्वेची नोकरी करून निवृत्त झाले. सकाळी रोझरी, दुपारी व्हॉट्सॲप, संध्याकाळी नातवाचा अभ्यास. तिन्हींवर त्यांची श्रद्धा सारखीच अढळ. त्यांचा सिद्धांत असा, की जगात जे काही बिघडलं ते पोरांना मारायचं बंद झाल्यापासून बिघडलं.

"डेंग्यूसुद्धा, काका?"

"मग काय तर! आमच्या वेळी फादरनी एकदा कान पिळला की पोरगं आठवडाभर डबक्याकडं फिरकत नव्हतं. डास चावणार कुणाला?"

काकांना मी आमच्याच घरातला जुना दाखला दिला. १३४८-४९ मध्ये युरोपात प्लेगानं माणसं पटापट मरत होती, तेव्हा कॅथलिकांच्या टोळ्या गावोगाव निघाल्या. साडेतेहतीस दिवसांची फेरी, कारण प्रभू येशूच्या आयुष्याची वर्षं तेवढी धरलेली. चौकात आलं की अंग उघडं करायचं आणि चामड्याच्या वाद्यांनी पाठ सोलून काढायची. गर्दी जमे, रडे, त्यांचं रक्त फडक्यानं टिपून घरी नेई, आणि टोळी पुढच्या गावी रवाना होई. बहुधा प्लेगही बरोबर घेऊन. शेवटी सहावे क्लेमेंट या पोपनी ऑक्टोबर १३४९ मध्ये फर्मान काढून हा प्रकार निषिद्ध ठरवला. हे पोप स्वतः आव्हिन्योंच्या वाड्यात, वैद्याच्या सल्ल्यावरून, दोन मोठ्या शेकोट्यांच्या मध्ये बसून राहत, असं सांगतात. हवा शुद्ध होते अशी समजूत. हवा काही शुद्ध होत नव्हती, पण त्या धगीत पिसवा फिरकत नसाव्यात. म्हणजे कारण चूक आणि उपाय बरोबर. आमच्या महापालिकेच्या धूर फवारणीत हे सहसा उलट असतं.

"बघा," काका म्हणाले, "आपली माणसं किती शिस्तीची होती!"

त्यांना गोष्टीतला आसूड तेवढा दिसला. पाठ कुणाची होती हे दिसलंच नाही.

कायद्याचंही साधारण तसंच. साताऱ्याचे, सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकलेले आणि मिरजेत डॉक्टर झालेले नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं एक कायदा मागत राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि मग चार दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. ज्याला आपण जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो त्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या बहाण्यानं बांधून, काठीनं, चाबकानं मारहाण करण्याचं आहे. उत्तम. आता कोणी मांत्रिकानं एखाद्या पोराला भूत काढायला झोडपलं तर तो आत जातो. त्याच पोराला बापानं गणित काढायला झोडपलं तर त्याला संस्कार म्हणतात. शाळेत तेही चालत नाही, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शिक्षकाचे हात बांधले आहेत. त्यावर पालकांनी तोडगा काढला आहे. पालकसभेत ते स्वतः उभं राहून सांगतात, "गुरुजी, बिनधास्त बडवा, आमची कंप्लेंट येणार न्हाई." कायद्यापासून मुलाला वाचवण्याची ही तळमळ पाहून डोळे भरून येतात.

आम्हा ख्रिस्ती लोकांना तर ग्रंथाचाच आधार. जुन्या करारातल्या नीतिसूत्रांत सोट्याची शिफारस आहे, आणि काकांना अख्ख्या बायबलातलं अध्याय-वचनासह पाठ असलेलं तेवढंच एक. येशूनं मुलांना जवळ बोलावलं तो प्रसंग त्यांना ठाऊक आहे, पण त्याचा अध्याय विचारला की चष्मा सापडत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी एका बापाचं कौतुक केलं. तो पोरांना कधीमधी चापट देतो, पण तोंडावर मारत नाही, त्यांचा अपमान होऊ नये म्हणून. जगभर गदारोळ झाला. आमच्याकडं मात्र हा निरोप पोचेपर्यंत त्यातलं ‘तोंडावर नाही’ एवढं वाटेत गळालं होतं.

शिस्त आणि हवापाणी यांचं लग्न लावायचं श्रेय मात्र सातारा जिल्ह्याचंच. पाचगणीत १८९५ साली आमच्या नन्सनी सेंट जोसेफ कॉन्व्हेंट सुरू केलं. पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेगानं हातपाय पसरले. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी तिथंच क्षयरोग्यांसाठी बेल-एअर काढलं. म्हणजे एकाच पठारावर एकीकडं फुप्फुसं दुरुस्तीला येत आणि दुसरीकडं मुलं. मुंबईचे श्रीमंत लोक दोन्हींना एकाच थंड हवेवर सोपवून खाली उतरत. क्षयाला पुढं औषध निघालं. द्वाड मुलांसाठी अजून हवाच पालटून पाहतात, फी तेवढी वाढली आहे.

आणि मग नोव्हेंबर २०१८ आला. राज्यभर गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलांना शाळेशाळेतून लस. लागलीच काकांचा मोबाईल तापला. एका निरोपात या लशीनं मुलं नपुंसक होणार होती, दुसऱ्यात ती परदेशी कंपनीचा डाव होती. लस पुण्यात सीरमच्या कारखान्यात तयार झालेली होती, पण पुणं हा सांगलीकराच्या लेखी परदेशच असल्यामुळे त्यावर मी वाद घातला नाही. तिसरा निरोप खास कॅथलिकांसाठी होता: रुबेलाची लस ज्या पेशींवर वाढवतात त्यांचं मूळ १९६० च्या दशकात गर्भपात झालेल्या एका भ्रूणात आहे.

हा मात्र खरा होता. काका आठवडाभर जेवले नाहीत. म्हणजे चपाती खाल्ली, मटण सोडलं. गर्भपात हे आमच्याकडं महापाप, तेव्हा त्यांची अस्वस्थता मी हसण्यावारी नेणार नाही. फादरनी समजावलं की व्हॅटिकननं यावर २००५ मध्येच विचार केला आहे. दुसरी लस हाताशी नसेल तर ही घ्यायला हरकत नाही, लहानग्यांचा आणि पोटुशा बायांचा जीव आधी. गरोदरपणी रुबेला झाला तर गर्भ पडतो, नाहीतर मूल बहिरं, आंधळं, हृदयाचं दुखणं घेऊन जन्मतं. म्हणजे ज्या पापाची काकांना धास्ती, ते दुःख टाळायलाच ही सुई आहे. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तरीपण, फादर."

त्या ‘तरीपण’चं मला नवल वाटलं नाही. नवल याचं वाटलं, की त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च २०१७ मध्ये, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. एका होमिओपॅथी डॉक्टरच्या दवाखान्यातला उद्योग. गर्भपात करताना एक सव्वीस वर्षांची बाई गेली म्हणून तो उघडा पडला. कुणाला मुलगी नको होती, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तेव्हा कुणाच्या मोबाईलवर खास धार्मिक निरोप फिरला नाही. कुणी मटण सोडलं नाही. साठ वर्षांपूर्वीच्या परक्या प्रयोगशाळेतली पेशी आमच्या विवेकाला टोचते. म्हैसाळ मिरजेहून फार तर वीस मिनिटांच्या रस्त्यावर, तिथवर आमच्या विवेकाला एसटी मिळत नाही.

कोरोनात तर आम्ही सगळेच धर्म एका माळेचे मणी ठरलो. मार्च २०२० मध्ये चर्चमधलं पवित्र जल आटवलं, मिस्सा मोबाईलवर गेली, ख्रिस्तप्रसाद जिभेवर की हातावर यावर काकांनी चार पानी पत्र लिहिलं. २७ मार्चला पोप फ्रान्सिस पावसात, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात एकटे उभे राहिले. मागं सान मार्चेल्लोचा तो क्रूस, जो १५२२ च्या प्लेगात रोमच्या गल्ल्यांतून सोळा दिवस मिरवला होता. पाच शतकांत क्रूस तोच राहिला, गर्दी तेवढी वजा झाली. या वजाबाकीला मी धर्माची मोठी प्रगती मानतो. आमच्या वाई तालुक्यात बावधनला २ एप्रिल २०२१ रोजी मात्र मनाई मोडून भैरवनाथाचं बगाड निघालं, हजारोंच्या गर्दीत, आणि पोलिसांनी गुन्हे दाखल केले. त्या गर्दीतही नवस फेडायला बगाडावर टांगून घेणारा माणूस स्वतःचंच अंग पणाला लावत होता, हे मी नोंदवून ठेवतो. खालची गर्दी कुणाची फुप्फुसं पणाला लावत होती, तेही.

पूर्वी आपल्याकडं साथ आली की मरीआईचा गाडा काढत. देवीला नैवेद्य दाखवायचा, गाडा वाजतगाजत वेशीपर्यंत ओढायचा आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून द्यायचा. पुढच्या गावानं तो त्याच्या पुढच्या गावाला. आरोग्य खात्याच्या स्थापनेपूर्वीची ही योजना, आणि माझ्या मते आजवरची सर्वांत काटेकोर अंमलबजावणी झालेली. आजही प्राथमिक केंद्र ग्रामीण रुग्णालयाला ढकलतं, ग्रामीण रुग्णालय सिव्हिलला, सिव्हिल पुण्याला. वाजंत्री नसते, सायरन असतो. २०२० मध्ये साताऱ्याच्या गावांनी मुंबईहून परतणाऱ्या स्वतःच्याच माथाडी पोरांना अडवायला वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या. इस्लामपुरात सौदीहून आलेले चौघे पॉझिटिव्ह निघाले आणि गोतावळ्यातून आकडा पंचविसाच्या घरात गेला, तेव्हा रोगाचा धर्म कोणता यावर सांगलीत जेवढी चर्चा झाली तेवढी त्याच्या लक्षणांवर झाली नाही. पुढं ती माणसं बरी होऊन घरी आली, चर्चा काही बरी झाली नाही. सहाव्या क्लेमेंट पोपनी १३४८ मध्येच बजावलं होतं की प्लेगासाठी ज्यूंना जबाबदार धरू नका, तेही मरताहेत. काकांना हे ऐकवलं, तर ते म्हणाले, "पोप होते ते. त्यांना काय, शेकोट्या होत्या."

परवा नातवाच्या शाळेत काकांबरोबर पालकसभेला गेलो होतो. विषय डेंग्यू. वर्गातली पाच-सहा पोरं तापानं झोपलेली. शाळेच्या मागं पाण्याची एक उघडी टाकी आहे, तिच्यात अळ्या आहेत, हे पोरांनीच विज्ञानाच्या तासाला शोधून काढलं होतं आणि वहीत चित्र काढून खाली नावं लिहिली होती. टाकी कुणाची यावर तासभर चर्चा झाली. शाळा म्हणाली संस्थेची, संस्था म्हणाली महापालिकेची, महापालिकेचा माणूस म्हणाला वॉर्ड शेजारचा लागतो. मग ठराव आला: उद्यापासून प्रत्येक विद्यार्थ्यानं पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून यावं, न घालणाऱ्यास वर्गाबाहेर उभं करावं, आणि विनापरवाना टाकीजवळ जाऊन अळ्या बघणाऱ्या मुलांना समज द्यावी. ठराव एकमतानं मंजूर झाला. अनुमोदन काकांनी दिलं.